सातव्या दिवसाचं पाणी

बांधाला पाझर सुटलाय हे आधी सुनेनं पाहिलं. शुक्रवारी दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन मिठागरावर आली होती. झडपेपासून वीसएक पावलांवर, बांधाच्या आतल्या अंगाला, कोरड्या मातीत ताटाएवढा ओला डाग होता. तिनं चप्पल काढून पायाचा अंगठा दाबला. अंगठा लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि खड्ड्यात पाणी चढलं.

"अहो, इकडे या," तिनं नवऱ्याला हाक दिली. "फावडं घेऊनच या."

नवरा आणि सासरा वाफ्यात होते. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं दोघं मीठ ओढत होते. म्हातारा अडुसष्टचा, अंगानं वाळक्या काठीसारखा, पण फळी ओढताना त्याचा हात मुलापेक्षा सरस होता. पाय रोवायचे, फळी अलगद अंगाकडे आणायची, खालचा चिखल मिठात येऊ द्यायचा नाही. पन्नास वर्षं हेच केल्यामुळे त्याच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. रोज संध्याकाळी म्हातारी त्यांत तेल भरायची आणि रोज सकाळी मीठ ते खाऊन टाकायचं.

मुलगा गुडघ्यावर बसला आणि त्यानं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. "खेकड्यांनी पोखरलंय. बीळ पार बाहेरपर्यंत गेलंय." मग बांधावर चढून त्यानं समुद्राकडे पाहिलं. ओहोटीचं पाणी लांब होतं, पण वारा जमिनीकडे वाहत होता. "बाबा, उद्या अमावस्येचं उधाण. सकाळी नऊ-साडेनऊला भरती."

"मग आज करू," म्हातारा म्हणाला. "सूर्य आहे अजून."

मिठागर त्याच्या आजोबांनी उठवलं होतं. समुद्राच्या अंगाला एक लांब बांध, त्याला झडप. भरतीचं पाणी झडपेतून मोठ्या तळ्यात घ्यायचं, तिथून लहान तळ्यात, शेवटी वाफ्यांत. ऊन पाणी पिऊन टाकायचं, तळाला मीठ राहायचं. सगळी मदार त्या बांधावर. हंगामाचे तीन आठवडे उरले होते आणि वाफ्यांत वर्षातलं सगळ्यात जाड मीठ धरलं होतं.

हा त्यांचा इथला शेवटचा हंगाम असणार होता. एके काळी या किनाऱ्यावर यहुद्यांची तीसेक घरं होती. एकेक करून लोक पूर्वजांच्या देशात निघून गेले. पाच घरं उरली होती, आणि प्रार्थनाघरात पुरुष नऊ. म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा अकरा वर्षांपूर्वी गेला. दोन महिन्यांमागे तिकडच्या कचेरीतून घरातल्या उरलेल्या पाच जणांना तिथे येऊन राहायच्या परवानगीचा कागद आला: म्हातारा, म्हातारी, थोरला, सून आणि नात. कागद म्हाताऱ्यानं वाफ्यातच उभ्यानं वाचला आणि मग बांधावर जाऊन बसला. कामाच्या वेळी त्याला बसलेलं म्हातारीनं कधी पाहिलं नव्हतं. दिवसातून तीनदा तो त्या देशाकडे तोंड करून उभा राहायचा. भिंतीवर खिळा मारून त्यानं दिशा पक्की केली होती. जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्या जमिनीसाठी आभार मानायचा, जिथला एक दाणा त्यानं खाल्ला नव्हता.

"हंगाम संपला की निघू," तो तेव्हा म्हणाला होता. "काम अर्धं टाकून त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही."

दुपारभर तिघं राबली. मुलानं बीळ खणून मोठं केलं, सुनेनं चिखलाच्या पाट्या वाहिल्या, म्हातारा गवताच्या पेंढ्या पिळून आत ठासत होता. वर चिखल, त्यावर लाकडी ठोकणीचे घाव. एक भोक बुजवलं की हातभर अंतरावर दुसरं ओलं व्हायचं. सूर्य समुद्राला टेकला तेव्हा चार बिळांपैकी तीन बुजली होती.

म्हाताऱ्यानं ठोकणी खाली ठेवली. "बस. हात धुवा."

"एकच राहिलंय," मुलगा म्हणाला. "तासाभराचं काम."

"शब्बाथ लागतोय." शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही.

"बाबा, सगळ्यात मोठं तेच आहे. हे असं ठेवलं तर ती तीन बुजवून काय उपयोग?"

"सहा दिवसांत त्यानं आकाश केलं, पाणी केलं, जमीन केली," म्हातारा पाय धूत म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "त्याला आणखी काही करायचं नव्हतं असं वाटतं का तुला? जगात काय कमी भोकं होती? तरी त्यानं हात थांबवला. आपल्याला तेवढंच शिकवलंय, हात थांबवायला. बाकी सगळं बैलालाही येतं."

"बैलाला नातीची फी भरायची नसते," सून हळूच म्हणाली. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुलानं फावडं चिखलात उभं रोवलं. चाळीस वर्षांचा होता, पण बापानं 'बस' म्हटल्यावर पुढे एकही पाटी त्यानं कधी टाकली नव्हती. तिघं घराकडे निघाली. वाटेत शेजारचा मिठागरवाला आपल्या बांधावर कंदील लावून काम करत होता. त्यानं हसून विचारलं, "काय, सुटली का शाळा?" तिघं चालत राहिली.

घरी म्हातारीनं दिवे लावून ठेवले होते. जेवणं झाली. नात नऊ वर्षांची, आजोबांना चिकटून बसली. दर आठवड्याला तो तिला सृष्टीची गोष्ट सांगायचा आणि दर आठवड्याला ती नवीन काहीतरी विचारायची.

"आजोबा, मीठ कुठल्या दिवशी केलं?"

"तिसऱ्या. पाण्याला म्हणाला, एका जागी गोळा हो. पाणी सरकलं, कोरडी जमीन वर आली. वाळूची हद्द घालून दिली आणि सांगितलं, याच्या पुढे यायचं नाही."

"आणि माणूस?"

"मातीचा. पण एका जागची माती नाही घेतली. चारी दिशांची थोडी थोडी घेतली. म्हणजे माणूस कुठेही मेला तरी तिथली माती म्हणणार नाही, की हा आमच्यातला नव्हे."

"मग आपण तिकडे कशाला जातोय?"

मुलगा पहिल्यांदाच हसला. म्हातारा हसला नाही. "कारण इथली माती नाही म्हणणार नाही, एवढंच. तिथली हाक मारते," तो म्हणाला. "झोप आता."

सकाळी प्रार्थनाघरात नऊ पुरुष जमले. दहा झाल्याशिवाय शास्त्राची गुंडाळी कपाटातून काढायची नाही, म्हणून म्हातारा वर्षभर छापील पुस्तकातूनच वाचून दाखवत होता. त्या आठवड्याचा भाग जमिनीच्या विसाव्याचा होता. सहा वर्षं शेत पेरायचं, सातव्या वर्षी जमिनीला हात लावायचा नाही. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे आलेले उपरे आहात. म्हातारा वाचत होता आणि मुलगा खिडकीकडे पाहत होता. बाहेर झाडं एका बाजूला वाकली होती.

नऊ वाजून गेल्यावर सून दारात आली. डोक्यावरचा पदर सुटला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "फुटला," ती म्हणाली.

मुलगा उठला आणि पळाला. त्याच्यामागे आणखी दोघं बाकावरून उठले, पण म्हाताऱ्याकडे पाहून पुन्हा बसले. म्हातारा क्षणभर थांबला. मग बोट ओळीवर ठेवून त्यानं पुढे वाचायला सुरुवात केली. सहा ओळी राहिल्या होत्या. त्या त्यानं न अडखळता वाचल्या, पुस्तक मिटलं, त्याला ओठ लावले, जागेवर ठेवलं. मग निघाला. शब्बाथला पळायचं नसतं, म्हणून चालतच गेला.

बांधावर पोचला तेव्हा भगदाड दोन हातांचं झालं होतं. समुद्र आत येत होता, आवाज न करता, तेल ओतल्यासारखा. मुलगा छातीएवढ्या पाण्यात भगदाडाला पाठ लावून उभा होता आणि सून वरून वाळूची पोती ढकलत होती. आणि म्हातारी, जिनं काल संध्याकाळी दिवे लावले होते, ती लुगडं मांड्यांपर्यंत खोचून चिखलाच्या पाट्या वाहत होती. पासष्ट वर्षांची. दर पाटीगणिक तिच्या तोंडातून ओरखडल्यासारखा आवाज निघत होता.

म्हातारा बांधावर उभा राहिला. हात पाठीमागे धरलेले.

"बाबा, खुंट द्या! तो खुंट!" मुलगा ओरडला.

खुंट त्याच्या पायाशी पडला होता. तो वाकला नाही.

म्हातारी पाटी रिकामी करून वर आली, त्याच्या शेजारून गेली, खुंट उचलला आणि परत खाली उतरली. त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

शेजारचा मिठागरवाला आपला बांध सोडून इथवर पळत आला होता. "अरे, काय बघत उभा राहिलायस? तुझ्या म्हातारीकडे तरी बघ! तुझा देव बायकांना चिखल तुडवायला सांगतो आणि तुला शर्ट सांभाळायला?" तो म्हणाला. आणखीही बोलला असता, पण त्याच्या बांधावरून कुणीतरी हाक मारली आणि तो शिव्या देत परत पळाला.

पाण्याला जोर चढत होता. पोती एकेक करून आत वाहून गेली. मग बांधाची आठ-दहा हात माती एकदम बसली, जशी दमलेली म्हैस बसते. मुलगा पाण्याबरोबर आत फेकला गेला, वाफ्याच्या कडेला धडकला आणि उठून उभा राहिला. खांद्यातून रक्त येत होतं. पहिल्या वाफ्यातलं मीठ पांढऱ्याचं करडं झालं आणि दिसेनासं झालं. मग दुसऱ्यातलं. तिसऱ्यातलं.

"सोडा," सून म्हणाली. "संपलं."

तेव्हा म्हातारा खाली उतरला.

चपला काढल्या नाहीत, शब्बाथचे पांढरे कपडे तसेच. त्यानं फावडं उचललं आणि भगदाडाच्या तोंडाशी चिखल टाकायला लागला. टाकला की पाणी घेऊन जायचं. पुन्हा टाकला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मुलगा जवळ येऊन म्हणाला, "बाबा, आता काय करताय?" म्हातारा ऐकेना. मुलानं दांडा धरला, म्हाताऱ्यानं हिसकला, दोघं त्या गढूळ पाण्यात फावड्यासाठी झटापट करत राहिले. शेवटी म्हातारीनं येऊन नवऱ्याची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली.

दुपारी भरती उतरली. मिठागराच्या जागी बोटभर गाळाचा राखी थर होता आणि त्यात लहान मासे तडफडत होते.

पुढच्या शनिवारी म्हातारा प्रार्थनाघरात गेला आणि मागच्या बाकावर बसला. पुढे वाचायला कुणी उभं राहिना. थोडा वेळ वाट पाहून गावातला शिंपी मागे वळला. तोही त्या नऊतलाच. "दादा, चला ना."

"तू वाच."

"मला अक्षरं लागत नाहीत नीट."

"लागतील तशी वाच. माझा हात चाललाय शब्बाथला. सगळ्यांनी पाहिलंय."

"आमची काही हरकत नाही हो."

"तुमचा प्रश्नच नाही," म्हातारा म्हणाला. शिंप्यानं अडखळत वाचलं. चूक झाली की म्हाताऱ्याचे ओठ हलायचे, पण आवाज काढून त्यानं एकदाही दुरुस्ती केली नाही.

बांध पुन्हा उभा करायला चौघांचे दोन हंगाम लागले असते, आणि गाळ काढायला तिसरा. मुलानं तो विषयच काढला नाही. तो दुसऱ्यांच्या होड्या रंगवायला जायला लागला, खांदा दुखायचा म्हणून डाव्या हातानं. सून शेजारच्या मिठागरवाल्याकडे पाट्या टाकायला जाऊ लागली. तो तिला तिच्या सासऱ्यावरून टोमणे मारायचा, ती मान खाली घालून ऐकायची. संध्याकाळी घरात भांडी आदळल्याचा आवाज झाला की म्हातारीला कळायचं, आज काय ऐकून आली ते.

निघायची तारीख जवळ आली तसा मुलानं ट्रंका खाली काढल्या.

"माझं नाव त्यात धरू नको," म्हातारा म्हणाला.

मुलगा दोरी घेऊन उभा होता, तसाच राहिला. "म्हणजे?"

"मी येत नाही."

"चाळीस वर्षं तुम्ही..." मुलानं दोरी खाली टाकली. "फॉर्म तुम्ही भरलात. माझं तर मनही नव्हतं. मी तुमच्यासाठी सही केली."

"आपले पूर्वज त्या जमिनीवरून का हाकलले गेले, माहितीये ना? मीच शिकवलंय तुला. जमिनीचे विसावे पाळले नाहीत म्हणून. ती इतर जमिनींसारखी नाही. तिला चालत नाही. ती माणसाला ओकून टाकते."

"तिकडे लोक शनिवारी गाड्या चालवतात, बाबा. धाकटा चालवतो. त्याला काही ओकलं नाही तिनं."

"त्याचं त्याच्यापाशी."

"आणि चारी दिशांच्या मातीचं काय? पोरीला सांगत होतात ना? मग तिकडचीही मूठभर असेल की तुमच्यात." मुलगा त्याच्यासमोर खाली बसला. त्याचा आवाज उतरला. "पोटासाठी उतरलात तुम्ही पाण्यात. पोट म्हणजे जीव नाही का? जीव वाचवायला सगळं मोडायची परवानगी आहे, हेही तुम्हीच शिकवलंय."

"पोटासाठी उतरलो असतो तर तू उतरलास तेव्हाच उतरलो असतो," म्हातारा म्हणाला. "तुझी आई पाट्या वाहत होती तेव्हा उतरलो असतो. मी उतरलो तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. ना बांध, ना मीठ. फक्त शब्बाथ उरला होता. तो मी मोडला."

मुलगा उठला आणि ट्रंकेला दोरी बांधायला लागला. दोरी दोनदा सुटली.

म्हातारी सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. मुलगा बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "जन्मभर त्या जमिनीचं नाव घेतलंत. तिथली झाडं, तिथले डोंगर, तिथल्या विहिरी. मी आपली ऐकायची. मला इथलंच निस्तरत नव्हतं."

"तू जा," तो म्हणाला. "पोरीला तुझी सवय आहे."

"जाणारच आहे."

त्याला वाटलं ती रागानं बोलतेय. तिला वाटलं तो रागानं बोलतोय. दोघांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं त्याचे कपडे धुतले, घडी घातली आणि आपल्या ट्रंकेत, आपल्या कपड्यांखाली ठेवले. त्याचा एक सदरा आणि एक धोतर तेवढं खुंटीवर राहू दिलं, निघायच्या दिवशी नेसायला.

निघायच्या दिवशी सकाळी जीप आली. ट्रंका वर चढवल्या. शिंपी आणि प्रार्थनाघरातले इतर येऊन उभे होते. मुलगा गेल्यावर नऊतले आठच राहणार होते. सून सासऱ्याच्या पाया पडली. नात रडत नव्हती, तिला जीपची घाई होती. "आजोबा, तुम्ही नंतर येणार ना?" तिनं विचारलं. त्यानं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला. तो आशीर्वाद तो दर शुक्रवारी द्यायचा. मध्येच त्याला शब्द आठवेना. त्यानं हात तसेच ठेवले आणि मग काढून घेतले.

मुलगा जवळ आला. बापाचा हात धरून उभा राहिला, बराच वेळ. "बाबा, चला," तो म्हणाला. एवढंच.

म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही म्हणून.

म्हातारी जीपमध्ये दाराच्या बाजूला बसली होती. तिनं शेजारी एका माणसापुरती जागा ठेवली होती आणि त्यावर कापडी पिशवी ठेवली होती. ती समोर पाहत होती. धुवून ठेवलेला सदरा त्यानं अंगात घातलाय हे तिनं पाहिलं होतं. आता येईल, चार लोकांसमोर ओढून न्यावं लागू नये म्हणून शेवटी येईल, असं तिला वाटत होतं.

म्हाताऱ्यालाही ती खाली उतरेल असं वाटत होतं. सेहेचाळीस वर्षांत ती त्याच्याशिवाय कुठल्या लग्नालासुद्धा राहिली नव्हती. ड्रायव्हर किल्ली फिरवील तेव्हा उतरेल. नात रडायला लागली तरी उतरेल.

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. "आणखी कुणी आहे का?"

मुलानं आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"चला," सून म्हणाली.

जीप वळणापर्यंत हळू गेली, कारण रस्त्यात कुणाच्या तरी शेळ्या होत्या. वळणावर थांबली. म्हातारा दोन पावलं पुढे झाला. शेळ्या बाजूला झाल्या आणि जीप गेली. शिंप्यानं नंतर लोकांना सांगितलं, की म्हातारीनं मागे वळून पाहिलं होतं, पण तेव्हा म्हातारा घरात शिरत होता.

कपड्यांची घडी तिच्या ट्रंकेत गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर कळलं. तो ओल्या अंगानं खुंटीसमोर बराच वेळ उभा होता.

सुरुवातीला धाकट्याच्या फोनवरून शिंप्याच्या दुकानात निरोप यायचे. पोरगी शाळेत जाते. थोरल्याला शेडमध्ये फळं भरायचं काम लागलंय. आईचे गुडघे दुखतात, बोलत नाही फार. शिंपी म्हाताऱ्याला बोलावून फोन हातात द्यायचा. पलीकडून म्हातारी विचारायची, "जेवलात?" तो म्हणायचा, "हो." मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायची, आणि शिंपी कात्री घेऊन बाहेर जाऊन उभा राहायचा. एकदा तिनं विचारलं, "टाचांना तेल लावता का?" तो म्हणाला, "आता मीठच कुठेय." त्यानंतरच्या दोन फोनना तो दुकानात गेला नाही.

प्रार्थनाघराला कुलूप लागलं. आठांतले तीन जण शहरात मुलांकडे गेले. किल्ली म्हाताऱ्याकडे द्यायला आले तर त्यानं घेतली नाही. ती शिंप्याच्या गल्ल्यात पडून राहिली, बटणांबरोबर.

पुढचा हंगाम उजाडायच्या आधी खाडीपलीकडच्या मोठ्या मिठागरावर वाफ्यांचे तळ ठोकणीनं ठोकून घट्ट करायला माणसं हवी होती. म्हातारा चालत तिकडे गेला. पत्र्याच्या खोलीत मुकादम टेबलाशी बसला होता, कानावर पेन.

"वय काय, आजोबा?"

"एकोणसत्तर."

"झेपेल?"

"तळ ठोकायचा तर झेपेल."

मुकादमानं त्याच्याकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. "सकाळी सहाला यायचं. आठवड्यातून एक सुट्टी. तुम्ही शनिवार पाळणारे ना? तुमचे लोक आधी होते इथे, त्यांना आम्ही शनिवारच द्यायचो. शनिवार लिहू?"

"नको."

"मग रविवार घ्या."

"तोही नको."

"अहो, एक वार तरी लिहावा लागतो वहीत."

"सातही दिवस येतो," म्हातारा म्हणाला.

मुकादम हसला. "काय आजोबा, देवाशी भांडण झालंय वाटतं?"

म्हाताऱ्यानं कोपऱ्यात उभ्या केलेल्या ठोकण्यांतली एक उचलली, हातात तोलून पाहिली, ठेवली आणि दुसरी, जास्त वजनाची, उचलली.

"कुठल्या वाफ्यापासून सुरू करू?" त्यानं विचारलं.